तरुण वकिलांना जात आणि पोट एकाच फायलीत वाचायला कसे शिकवावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीत तुमची छोटी संस्था आहे. सनद मिळून वर्ष-दोन वर्षे झालेले सहा वकील तुमच्याकडे आले आहेत. त्यांना सहा महिने जातीय आणि आर्थिक न्यायाच्या कामासाठी तयार करायचे आहे. दर शनिवारी व्याख्यान आणि शेवटी प्रमाणपत्र, असा आराखडा तुम्ही केला आहे. कोणते कायदे घ्यावेत, वक्ते कोण बोलवावेत आणि अमेरिकेत वांशिक न्यायासाठी वकील घडवतात तो नमुना इथे चालेल का, हे तुम्ही विचारले आहे.

मी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात तेवीस वर्षे वकिली करते. अ‍ॅट्रॉसिटीची (अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालची), कंत्राटी सफाई कामगारांची आणि वीटभट्टीवरच्या कुटुंबांची प्रकरणे माझ्याकडे जास्त असतात. गेल्या अकरा वर्षांत ज्युनिअरांच्या काही तुकड्या हाताखालून गेल्या. त्या अनुभवातून सांगते, की तुमची अडचण कायद्यांच्या यादीची नाही. यादी त्या सहाही जणांना मोबाइलवर पाच मिनिटांत मिळेल. समोरची बाई बोलत असते, तेव्हा तिच्या कोणत्या वाक्यावर खटला उभा राहणार आहे, हे नव्या वकिलाला ऐकू येत नाही. आणि ऐकू आलेच तर तो त्याचे दोन तुकडे करतो: शिवी पोलिसांच्या फायलीत आणि बुडालेला पगार कामगार कार्यालयाच्या फायलीत. बाईच्या आयुष्यात मात्र दोन्ही एकाच सकाळी, एकाच माणसाच्या हातून घडलेले असते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील, त्या आधीच बोलून घेऊ. तुमच्याकडे वकीलपत्रावर सही करून कोर्टात सोबत उभा राहणारा एखादा अनुभवी वकील आहे का? नसेल तर प्रशिक्षण कितीही चांगले झाले तरी पहिल्या उलटतपासणीला मुले एकटी पडतील. सहा जणांना दरमहा काही देता येईल का? त्यांतल्या किती जणांना मराठी टंकलेखन आणि सातबारा वाचणे येते? ही उत्तरे मला माहीत नाहीत, म्हणून खालचे सगळे जसेच्या तसे उचलू नका.

माझ्या पहिल्या तुकडीला मी अगदी तुमच्या आराखड्याप्रमाणे शिकवले. आठ शनिवार, ठाण्यात भाड्याने घेतलेले सभागृह, निवृत्त न्यायाधीश, प्राध्यापक. संविधानाची उद्देशिका, अनुच्छेद १४, १७, २३, ३९-अ. मुलांनी वह्या भरल्या. महिन्याभरात त्यांच्यातल्याच एकीला मी कोर्टाच्या व्हरांड्यात एका बाईची माहिती घेताना पाहिले. आजूबाजूला पंधरा-वीस माणसे उभी होती आणि हिचा पहिलाच प्रश्न होता, "तुमची जात कोणती?" बाईने पदर सारखा केला, "राहू द्या मॅडम" म्हणाली आणि उठली. ती परत आली नाही. मुलगी मनाने चांगली होती. अ‍ॅट्रॉसिटीच्या कलम ३ साठी जात लागते, हे तिला पाठ होते. जात बंद खोलीत विचारायची, ती का लागते हे आधी सांगायचे, "घरी जातीचा दाखला कोणाच्या नावाचा आहे का?" अशा वाटेने तिथपर्यंत जायचे, हे तिला कोणी शिकवले नव्हते. शिकवायचे काम माझे होते.

तेव्हापासून पहिले दोन महिने मी फक्त जबाब घ्यायला शिकवते. सगळ्यात जास्त वेळ मी इथेच घालवते आणि तुम्हीही घालवावा असे मला मनापासून वाटते. कारण एफआयआरमध्ये जे आले नाही ते दोन वर्षांनी साक्षीत सांगितले, की समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो, "हे तुम्ही पोलिसांना सांगितले होते का?"

एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नवी मुंबईतली एक कंत्राटी सफाई कामगार. पीएफ कापला जातो, पण भरला जातो की नाही ते कळत नाही, म्हणून तिने हजेरी चौकीवर पगाराची पावती मागितली. सुपरवायझरने जातीवरून शिवी दिली आणि दुसऱ्या दिवसापासून तिची हजेरी लावणे बंद केले. माझ्या ज्युनिअरने अर्ज लिहिला तो एवढाच: "आरोपीने फिर्यादीस जातिवाचक शिवीगाळ केली." वाक्य खरे आहे, पण त्यावर खटला उभा राहत नाही.

मग आम्ही तो जबाब तिच्यासोबत पुन्हा घेतला. तुम्ही कुठे उभ्या होतात? चौकीच्या आत की दारात? दार उघडे होते का, रस्त्यावरून दिसते का, तिथे आणखी कोण होते? हे विचारायचे, कारण १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) मध्ये अपमान लोकांना दिसेल अशा जागी झालेला असावा लागतो. हितेश वर्मा प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना उच्चारलेले शब्द या कलमात बसत नाहीत असे म्हटले. नेमके शब्द काय होते? ते तिच्याच बोलीत, जसेच्या तसे लिहायचे. "जातिवाचक" हा वकिलाचा शब्द झाला. त्याला तुमची जात कशी माहीत? ती म्हणाली, "सात वर्षं एकाच चौकीवर आहोत, माझ्या मुलीच्या लग्नाला आला होता." हे वाक्य सोन्यासारखे आहे. २०१५ च्या दुरुस्तीने कलम ८ मध्ये अशी तरतूद आली, की आरोपीला पीडित व्यक्तीची किंवा तिच्या कुटुंबाची वैयक्तिक माहिती असेल, तर त्याला जात माहीत होती असे न्यायालय गृहीत धरेल. तसे नव्हते हे सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर जाते.

आता पगाराचा भाग. इथे घाई करू नका, कारण ही जागा अवघड आहे. पगाराचा वाद जबाबात लिहिला तर बचाव पक्ष म्हणेल की हे पैशाचे भांडण आहे, जातीशी संबंध नाही. हितेश वर्मा प्रकरणातही जागेच्या वादाने तसाच फरक पडला होता. नवे वकील म्हणून पगाराचा भाग गाळून टाकतात. मी उलट सांगते. गाळला तरी तो उलटतपासणीत बाहेर येतोच, आणि मग लपवल्यासारखा दिसतो. त्यापेक्षा आणखी एक प्रश्न विचारा: "हीच पावती दुसऱ्या कोणी मागितली होती का? त्याला काय उत्तर मिळाले?" आमच्या बाईने सांगितले की वरच्या जातीच्या ड्रायव्हरने मागितली तेव्हा त्याला 'पुढच्या आठवड्यात देतो' असे उत्तर मिळाले होते. पावतीच्या त्याच मागणीला एकाला मुदत मिळाली आणि दुसरीला शिवी. त्या दिवशी माझ्या ज्युनिअरला कळले की जात आणि पगार एकाच जबाबात का लागतात. हजेरी बंद करणे हा कलम ३(१)(झेडसी) मधला आर्थिक बहिष्कार आहे, असेही मांडता येते. न्यायालय मानेलच असे नाही, पण मांडायचे असेल तर तथ्ये पहिल्या दिवसापासून कागदावर हवीत.

ठाणे-नवी मुंबईत आणखी एक गाठ वारंवार पडते. तुर्भे स्टोअर, दिघा, रबाळे, मुंब्रा, दिवा या वस्त्यांत परराज्यांतून आलेले दलित कामगार खूप आहेत. महाराष्ट्रात जातीचा दाखला काढायचा तर अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा इथल्या वास्तव्याचा पुरावा लागतो. तो त्यांच्याकडे कुठून असणार? पोलीस ठाण्यात मग सांगतात की "तुमची जात इकडे लागू नाही." सवलतींच्या बाबतीत ते खरे असेल, पण संरक्षणाच्या बाबतीत नाही. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने स्पष्ट केले आहे, की अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला या कायद्याचे संरक्षण देशात कुठेही मिळते. तुमच्या सहाही जणांच्या पिशवीत या निकालाची प्रत कायम असू द्या. फौजदारासमोर वाद घालण्यापेक्षा कागद पुढे सरकवलेला बरा.

दुसरा टप्पा भट्टीवरचा. भिवंडी आणि शहापूर भागात दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. पावसाळ्यात घरात दाणा नसताना शेठकडून बयाणा, म्हणजे मजुरीची आगाऊ उचल, घेतलेला असतो. भट्टीवर आठवड्याला खर्ची, म्हणजे खर्चापुरते पैसे, मिळते आणि हिशेब पावसाच्या तोंडावर होतो. त्या हिशेबात बरेचदा कुटुंबाकडेच बाकी निघते, आणि ती फेडायला पुढच्या हंगामात पुन्हा तीच भट्टी. याच जिल्ह्यात, तेव्हा तलासरी-उंबरगाव ठाण्यातच होते, वारल्यांना लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जमीनदाराकडे राबावे लागे. त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ साली किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने वारल्यांनी ती वेठ मोडली. बयाण्याकडे पाहताना मला ते नेहमी आठवते.

इथे मी ज्युनिअरांना कायदा शेवटी सांगते. आधी त्यांनी कुटुंबासोबत जमिनीवर बसून एका कागदावर हिशेब मांडायचा. बयाणा किती घेतला, कोणत्या महिन्यात? हजार विटांचा दर काय ठरला होता? रोज किती हजार पडतात, आणि त्यात नवरा, बायको, मोठा मुलगा असे किती हात राबतात? खर्ची किती? आजारपणाचे पैसे कोणाच्या नावावर लावले? एवढे लिहायला अख्खा दिवस जातो, कधी दोन. आकडे मिळाले की कुटुंबातल्या प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाचे किती येतात ते काढायचे आणि सरकारने ठरवलेल्या किमान वेतनाशेजारी ठेवायचे. मुले गप्प होतात त्या क्षणी.

मग कायदा सांगायचा. दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकामांवरच्या कामगारांच्या प्रकरणात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे हे अनुच्छेद २३ मधले सक्तीचे श्रम आहे. बेड्या लागत नाहीत, भूकही सक्ती करते. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या कलम १५ नुसार हे कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोची आहे, आणि कलम ६ नुसार वेठबिगारीचे कर्ज संपुष्टात येते. कुटुंब आदिवासी असेल तर अ‍ॅट्रॉसिटीचे कलम ३(१)(एच) थेट लागू होते, कारण वेठबिगारी करायला लावणे हाच तिथे गुन्हा आहे. कातकऱ्याची जमात आणि त्याची मजुरी या कलमात कायद्यानेच एकत्र बांधली आहे. तरी मी पाहते की वकील दोन्हींतला एकच कायदा लावतात.

हिशेबाचा तो कागद घेऊन प्रांत किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात जायचे आणि वेठबिगारीतून सुटल्याचे मुक्तता प्रमाणपत्र मागायचे. ते मिळाले की तातडीची मदत ३० हजार रुपयांपर्यंत मिळू शकते आणि पुढच्या पुनर्वसनाचे दार उघडते. ज्युनिअरला इथे एक गोष्ट नीट समजली पाहिजे: भट्टीवरून सुटका झाली आणि पावसाळ्यापूर्वी हातात काहीच आले नाही, तर कुटुंब पुन्हा त्याच शेठकडे जाते. त्यात त्या कुटुंबाचा काही दोष नाही. म्हणून मुक्ततेच्या अर्जासोबत रेशनकार्ड, रोजगार हमीचे जॉबकार्ड आणि वनहक्क दाव्याची स्थिती या तिन्हींची चौकशी त्याच आठवड्यात सुरू करायची. २००६ च्या वनहक्क कायद्याखालचा दावा ग्रामसभेत अडकला आहे की उपविभागीय समितीत, हे शोधायला एक फेरी पुरते, आणि त्या फेरीत वकील जे शिकतो ते सभागृहात शिकवता येत नाही.

भट्टीवर जाताना सुरक्षेचे भान ठेवा. एकट्या ज्युनिअरला कधीही पाठवू नका, स्थानिक संघटनेच्या कार्यकर्त्याशिवाय तर नाहीच. श्रमजीवी संघटनेसारख्या संघटना या भागात वेठबिगारांच्या सुटकेचे काम वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. कुठे आधी कुटुंबाला बाहेर काढायचे आणि कुठे आधी अधिकाऱ्याला कळवायचे, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते. वकिलाने तिथे शिकायला जावे.

तुरुंगाचे काम मी थोडक्यात सांगते, कारण त्यात कौशल्य कमी आणि चिकाटी जास्त लागते. ठाण्याच्या आणि तळोज्याच्या मध्यवर्ती कारागृहात जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून अडकलेली माणसे तुम्हाला भेटतील. मोतीराम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणात, १९७८ साली, दुसऱ्या जिल्ह्यातला भाऊ जामीनदार म्हणून नाकारला गेला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी तेव्हा गरिबाला न झेपणाऱ्या जामिनाबद्दल जे लिहिले ते आजही प्रत्येक ज्युनिअरने मुळातून वाचावे. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशानुसार जामीन मिळून महिन्याभरात पूर्तता झाली नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. तुमच्या वकिलांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि गरीब आरोपींना मोफत वकील देणाऱ्या लोक अभिरक्षक कार्यालयाशी बोलून अशा पाच-सहा जणांची कामे घ्यावीत. त्या निमित्ताने त्यांना दिसेल की आत कोण आहे. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नियमावल्यांतली जातीवर आधारलेली कामवाटणी घटनाबाह्य ठरवली, हेही ते तिथेच, झाडू कोणाच्या हातात आहे ते पाहत शिकतील.

आता अमेरिकेच्या नमुन्याबद्दल. वंश आणि जात एक नाहीत, हे आधी मान्य करू. पण एक माणूस मला फार जवळचा वाटतो. कृष्णवर्णीय वकील चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन. १९२९ पासून त्यांनी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातले कृष्णवर्णीयांचे विधी महाविद्यालय हाती घेतले आणि संध्याकाळच्या वर्गांचे पूर्णवेळ, मान्यताप्राप्त महाविद्यालय केले. पुढे ब्राऊन खटला लढणारे वकील थर्गुड मार्शल त्यांचेच विद्यार्थी. ह्यूस्टन दक्षिणेतल्या राज्यांत हिंडले, काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळांचे कॅमेऱ्याने चित्रण केले, मार्शलनाही सोबत नेले. शाळांतली वंशभेदी विभागणी घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राऊन खटल्याचा पाया असा गाडीने हिंडून घातला गेला. ते पाहायला ह्यूस्टन हयात नव्हते. त्यांच्याकडून हे घ्या, की विद्यार्थ्याला आधी जागेवर न्यायचे.

जे घेता येणार नाही तेही सांगते. तिथला वकील शाळेविरुद्ध किंवा सरकारविरुद्ध स्वतः दावा लावून पुढे जात होता. आपल्या अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्यात तपास पोलिसांचा आणि बाजू सरकारी वकिलाची. मग पीडितेच्या वकिलाने करायचे काय? अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे कलम १५-अ. आरोपीच्या जामीन अर्जासह प्रत्येक कार्यवाहीची सूचना पीडितेला मिळाली पाहिजे, तिचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, आणि संस्था, कार्यकर्ते किंवा वकील यांची मदत घेण्याचा तिला हक्क आहे. २०२१ साली हरिराम भांभी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही सूचना बंधनकारक असल्याचे सांगितले. तुमच्या वकिलांचे बरेचसे आयुष्य या एका कलमाखाली जाणार आहे. त्यामुळे जामिनाला विरोध करणारे दोन पानी लेखी म्हणणे एका रात्रीत लिहिण्याचा सराव करून घ्या. तपास याच कायद्याखालच्या नियम ७ प्रमाणे किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आहे ना, समाजकल्याण खात्याकडून अर्थसाहाय्याचा पहिला हप्ता निघाला ना, हे पाहणेही त्यातच येते. हप्ता निघाला नाही म्हणून फिर्यादी गावाला निघून गेली आणि खटला मोडला, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

चौथ्या-पाचव्या महिन्यात मुले खचतात. तारखांवर तारखा पडतात, साक्षीदार फिरतात. तेव्हा मी त्यांना महाडच्या दाव्याची गोष्ट सांगते. सत्याग्रहाची सगळ्यांना माहीत असते, दाव्याची फार थोड्यांना. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्याले. डिसेंबरात दुसऱ्या सत्याग्रहाच्या तोंडावर विरोधकांनी महाडच्या दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणला. अस्पृश्यांनी तळ्याला शिवू नये ही अनादि काळापासूनची रूढी आहे, असा त्यांचा दावा होता. बाबासाहेबांनी तो हुकूम मानला, जमलेल्या हजारोंना थांबवले, आणि दावा लढवला. कनिष्ठ न्यायालयापासून उच्च न्यायालयापर्यंत दहा वर्षे गेली. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की तशी रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही. मी मुलांना विचारते, रूढी सिद्ध करायचे ओझे कोणावर होते? मग अ‍ॅट्रॉसिटीचे कलम ८, मग वेठबिगार कायद्याचे कलम १५. बलवानाच्या खांद्यावर ओझे ठेवणारी जागा कायद्यात कुठे आहे, हे शोधायची सवय लागली की वकील वेगळा वाचायला लागतो. ही गोष्ट ऐकून त्यांची पाठ जरा ताठ होते, तेही मला हवेच असते.

कलमांची पाठांतरे मात्र करून घेऊ नका. १ जुलै २०२४ ला फौजदारी कायदे बदलले, २१ नोव्हेंबर २०२५ ला चार श्रमसंहिता लागू झाल्या. किमान वेतन आणि कंत्राटी कामगारांचे जुने क्रमांक ज्यांनी घोकले होते त्यांना पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली. ज्यांना हिशेब मांडता येत होता त्यांचे काही अडले नाही.

एक अपवाद करते. सोसायटीच्या मैलाटाकीत किंवा गटारात कामगार मेला, तर पहिल्या चोवीस तासांत काय करायचे, हे पाठ असलेच पाहिजे. शवविच्छेदन झाले का, कंत्राटदारासोबत काम देणाऱ्यांची नावे एफआयआरमध्ये आली का, २०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या कायद्याची कलमे लागली का, आणि घरच्यांनी थोड्या रकमेच्या बदल्यात कोऱ्या कागदावर अंगठा तर दिला नाही ना. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी १० लाखांची भरपाई ठरवली होती, २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती ३० लाख झाली. घरच्यांना हा आकडा पहिल्याच दिवशी वकिलाच्या तोंडून कळला पाहिजे.

आता पैशांबद्दल, आणि हे तुम्ही विचारलेले नाही तरी सांगते. सहा जणांना काहीच देणार नसाल तर तीन महिन्यांनी तुमच्याकडे तेच उरतील ज्यांच्या वडिलांचे ऑफिस आहे किंवा घरचे भाडे येते. तुर्भ्याच्या झोपडपट्टीतून, घरातली पहिली पदवी घेऊन आलेली मुलगी निघून जाईल, आणि ज्या कामासाठी तुम्ही हे सगळे मांडले आहे ते काम तिच्या हातात सगळ्यांत चांगले झाले असते. सनदीचे नोंदणी शुल्क ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये, याहून जास्त घेता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितले. त्याच वर्षी बार कौन्सिलने शहरात ज्युनिअरला महिन्याला किमान २० हजार द्यावेत अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही. तुम्हाला २० जमणार नसतील तर सहाऐवजी तीनच जण घ्या, पण त्यांना पैसे द्या. सभागृहाचे भाडे आणि वक्त्यांचे मानधन वाचेल, त्यातून एकीचा महिना निघतो.

वक्ते बोलवायचेच असतील तर भट्टीवरून सुटलेल्या एखाद्या बाईला बोलवा, कामगार कार्यालयातल्या निवृत्त लिपिकाला बोलवा, ज्या फिर्यादीचा खटला हरला तिला बोलवा. त्यांना इतर वक्त्यांइतकेच मानधन द्या. हरलेल्या खटल्यातली फिर्यादी माझ्या एका तुकडीला म्हणाली, "निकालाचं दुःख नाही ताई, पण तीन वर्षांत मला कोणी सांगितलं नाही की आज कोर्टात काय झालं." तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: तारीख झाली की त्याच संध्याकाळी पक्षकाराला फोन. पुढची तारीख मिळाली, एवढेच सांगायचे असले तरी.

प्रमाणपत्र द्यायला हरकत नाही, पण ते एका पूर्ण प्रकरणानंतर द्या. जबाबापासून आरोपपत्रापर्यंत किंवा हिशेबाच्या कागदापासून मुक्तता प्रमाणपत्रापर्यंत एक काम ज्याने तडीस नेले त्याला.

शेवटचा मुद्दा वेळापत्रकाचा. तुम्ही जानेवारीत सुरुवात करणार असे लिहिले आहे. जमले तर दसऱ्याला सुरू करा आणि सहाऐवजी आठ महिने धरा. दिवाळीआधी मुलांनी शहापूरच्या एखाद्या कातकरवाडीत दोन दिवस राहून यावे, म्हणजे घरे भरलेली असताना त्यांची ओळख होईल आणि बयाणा कोणी किती घेतला ते सहज बोलण्यात कळेल. त्याच कुटुंबांना माघ-फाल्गुनात भट्टीवर भेटता येईल, आणि मेअखेर हिशेबाला शेठ वही उघडेल तेव्हा तुमच्या वकिलाकडेही एक कागद असेल. पहिल्या फेरीला काळा कोट आणि फायली घरी ठेवायला सांगा. वही, पेन आणि पाण्याची बाटली पुरे. पहिल्या दिवशी वहीसुद्धा शक्यतो पिशवीतच राहू द्या.